गाळण्यापलीकडचे पाणी

महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा माहुलीस वेण्णेला आणि कराडास कोयनेला भेटून सांगलीस येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ती ५७ फुटांवर गेली. २०२१ च्या जुलैत ती पुन्हा पेठांत शिरली. त्या दुसऱ्या पुरानंतर हळदीचा व्यापार करणाऱ्या एका जैन घराच्या परसातील विहिरीची ही हकिकत आहे.

घरात नळ आला तरी चौक्यात पाणी विहिरीचेच लागे. मुनिमहाराजांच्या आहाराचा योग येई तेव्हा तर आजी दुसऱ्या कोणाला दोराला हात लावू देत नसत. पाणी शेंदावे, दुहेरी कापडातून गाळावे आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी अलगद पुन्हा त्याच विहिरीत पोहोचवावी, हा त्यांचा नेम होता.

पूर ओसरल्यावर पाणी उपसले, वरवरचा गाळ काढला. दिवाळीपर्यंत पाणी निवळले. पौषात मात्र ते करडे दिसू लागले आणि त्याला कुजका वास येऊ लागला. “पुराचा वास आहे, उन्हाळ्यात जाईल,” असे घरचे अण्णा म्हणाले. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी चौक्याचे पाणी दुसऱ्या श्रावकाच्या विहिरीवरून आणविले.

सूनबाईंचे वडील साताऱ्याहून आले. पाणीपुरवठ्याच्या कामात त्यांची हयात गेली होती. त्यांनी ताजे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन ठेवले. उपसताना स्वच्छ असलेले पाणी काही वेळाने तांबूस झाले, तर ते लोहाचे लक्षण. नासक्या अंड्यासारखा वास तळाच्या गाळात हवेवाचून वाढणाऱ्या जंतूंमुळेही येतो. येथे तर पाणी आरंभापासूनच करडे होते आणि त्यावर फेस होता. तपासणीच्या बाटलीत भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी काळे पडले. मैल्याचा संशय आला आणि प्रयोगशाळेच्या अहवालाने तो खरा ठरला.

“पूर जाऊन सहा महिने झाले. वास पुराचा असता तर कमी झाला असता, वाढला नसता,” व्याही म्हणाले. विहिरीपासून शौचाची टाकी निदान ५० फूट दूर हवी. घर वाढविताना बांधलेली टाकी २० फुटांवर होती. शौचालयात निरुपद्रवी हिरवा रंग ओतला. तिसऱ्या दिवशी तीच छटा विहिरीत उमटली. पुराने भिजून खचलेल्या जमिनीत टाकीची भिंत तडकली होती. दोष नदीचा नव्हता, शेजाऱ्याचाही नव्हता. तो आपल्याच अंगणात निघाला.

टाकी रिकामी करून बुजविली आणि घराची जोडणी गटार योजनेस दिली. गाळ काढण्यास माणूस उतरविण्याचे ठरत होते, ते व्याह्यांनी थांबविले. अशा विहिरीत विषारी वायू साचतो. काही वेळाने नाकाला त्याचा वासही कळेनासा होतो. कंदील विझला तर धोका नक्की. पण तो जळत राहिला म्हणून हवा निर्धोक ठरत नाही. गाळ पंपाने वरूनच उपसला.

ब्लीचिंग पावडरीचे नाव निघताच आजी म्हणाल्या, “ज्या पाण्यात जिवाणी सोडली, त्यातच आता विष घालायचे?”

व्याही हात जोडून म्हणाले, “विहीणबाई, नेहमीच्या शुद्धीला १००० लिटरला अडीच ग्रॅम पुरते. १० फूट रुंद विहिरीत १३ फूट पाणी असेल, तर सुमारे ७० ग्रॅम. आता पहिल्या वेळी मात्र अधिक लागेल. भिंत तडकली तेव्हाच आपण लक्ष दिले असते, तर ही वेळ आली नसती.”

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “गाळणे धुण्यात मी कधी चुकले नाही. टाकी कोठे बांधतात, हे मात्र विचारले नाही.” आरोग्य विभागाच्या सल्ल्याने पावडर घातली, त्या दिवशी त्यांनी उपवास केला.

क्लोरीनचा अंश गेल्यावर दोनदा तपासणी झाली आणि पाणी निर्दोष ठरले. अक्षय तृतीयेच्या पहाटे आजींनी पुन्हा दोर हाती घेतला. पाणी गाळले, जिवाणी विहिरीत पोहोचविली, आणि बुजविलेल्या टाकीच्या जागेकडे एकदा पाहून त्या चौक्याकडे वळल्या.