उरणची मिठागरे आणि मायेचा हात

उरणला जायचे तर हल्ली वाटा पुष्कळ झाल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये नवी मुंबईहून थेट उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि त्याच महिन्यात शिवडी ते न्हावाशेवा हा समुद्रावरचा पूलही खुला झाला. तरीही आत्याकडे जाताना मी अजून भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडते. भरती-ओहोटी पाहून निघावे लागते, कारण ओहोटीला मोरा बंदरात गाळ उघडा पडतो आणि लाँच अडते. पण वाटेत डाव्या हाताला घारापुरीचे बेट दिसते, ते लोकलमधून कुठले दिसायला? हे बेट उरण तालुक्यातच मोडते. पर्यटक तिथे मोठ्या लेण्यातील शिवाची मूर्ती पाहून परततात. बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, हे मात्र आपल्यातल्याही फार थोड्यांना ठाऊक असते.

मोऱ्याला उतरून रिक्षाने उरण शहर ओलांडले की पूर्वी दोन्ही बाजूंना मिठागरे लागत. मिठाच्या पांढऱ्या राशी उन्हात अशा चमकत की डोळे दिपून जात. पुढे नैसर्गिक वायूचा प्रकल्प आला, १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले, सिडकोने भराव टाकले. जमिनीच्या मोबदल्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये केलेल्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आज रस्त्यावर कंटेनरच्या रांगा असतात आणि मिठागरे थोडीच उरली आहेत. मिठागरे बुजली, पण त्यांत राबलेले पाय घराघरांतून अजून आहेत. माझी आत्या त्यांपैकीच एक.

आत्याने उमेदीची सगळी वर्षे मिठागरात काढली. पाऊस संपला की बांधबंदिस्ती करायची, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, खारे पाणी घ्यायचे, मीठ धरले की ते ओढून गोळा करायचे आणि पाटी डोक्यावर घेऊन राशीवर टाकायची. पुढचा पाऊस येईपर्यंत हेच. पाय सदा खाऱ्या पाण्यात. टाचांच्या भेगांत मीठ शिरले की जीव कळवळायचा. "रडायला वेळ कुठे होता गं? संध्याकाळी भाकरी थापायची असायची," असे ती हसत सांगते.

या खेपेला पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. ओटीवर आत्या पाय पसरून बसली होती आणि दहावीतली नात तिच्या पायांना कोमट खोबरेल तेल चोळत होती. घोट्यापासून गुडघ्याकडे, सावकाश. टाचांच्या भेगांत तेल जिरवताना ती मध्येच विचारी, "आजी, दुखतंय का?" भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. रोज जेवणाआधी दहा मिनिटे हा त्या घरचा नेम आहे. "गोळीपेक्षा याने झोप बरी लागते," आत्या म्हणाली.

तिचे म्हणणे खोटे नाही. मालिशने आखडलेले स्नायू सैल होतात, पाठ-कंबर-मानेच्या दुखण्याला काही काळ उतार पडतो, मन शांत होते, झोप लागायला मदत होते. तेलामुळे कोरड्या कातडीतील ओलावा टिकतो आणि भेगा मऊ पडतात. यापलीकडे कोणी सांगू लागले की मालिशने अंगातले विष निघून जाते, मधुमेह बरा होतो, तर विश्वास ठेवू नये. ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तर भगवान बुद्धांचीच शिकवण आहे.

पारख न केल्याची शिक्षा आत्याच्या घराने भोगली आहे. नातू सायकलवरून पडला, कोपर सुजले. शेजारच्या एका जाणत्याने आठ दिवस तेल लावून ते जोराने चोळले. कोपर आखडले ते कित्येक महिने सुटेना. डॉक्टरांनी मग समजावले की कोपराला मार लागल्यावर चोळल्याने स्नायूत हाड धरू शकते, आणि मुलांत हा धोका फार असतो. म्हणून मार लागून सूज आली तर चोळू नये, आधी फोटो काढावा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, लाल व गरम झाली तर तिथे रक्ताची गाठ असू शकते. तीही चोळू नये, लगेच दवाखाना गाठावा. ताप असताना, जखमेवर किंवा पुरळावर मालिश नको. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, म्हणून तेल गरम नको, आणि रोज तळवे नीट पाहावेत. तान्ह्या बाळाला हलक्या हाताने चोळावे. त्याच्या नाकाकानात तेल घालू नये.

त्या रात्री आत्याने तिच्या आजीची गोष्ट सांगितली. आजी गावची सुईण होती. वाड्यावरच्या बाळंतिणीला आणि बाळाला तीच न्हाऊ-माखू घालायची, तीच अंग रगडायची. काम आटोपून ती अंगणाबाहेर गेली की मागे पाणी शिंपडून घर 'शुद्ध' केले जाई. तिचे हात चालत होते, माणूस चालत नव्हता! ज्या हातांनी बाळाची हाडे घट्ट केली, त्या हातांचा विटाळ? याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते हा विटाळ बुडवण्यासाठीच.

आपल्या धम्मात सेवेचा हात कधीच हलका मानला गेला नाही. श्रावस्तीच्या पूर्वारामात वृद्ध तथागत मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसले असता भिक्खू आनंद त्यांचे अंग चोळत असे, आणि कातडीला पडलेल्या सुरकुत्या पाहून हळहळला, असे पाली सुत्तात आले आहे. तारुण्यात जरा लपलेलीच असते, असे तथागतांनी त्याला शांतपणे सांगितले. वैद्य जीवकानेही तथागतांना औषध देण्याआधी काही दिवस अंगाला तेल लावायला आनंदाला सांगितले होते. थायलंडचे मालिश करणारे आजही जीवकाला आपला गुरू मानून वंदन करतात. त्यांच्या त्या विद्येला युनेस्कोने २०१९ साली जगाचा वारसा म्हणून मान दिला.

आणि ५ डिसेंबर १९५६ ची ती रात्र आपण कशी विसरू? दिल्लीत थकल्या-भागल्या बाबासाहेबांचे पाय नानकचंद रत्तू यांनी चेपले, डोक्याला तेल लावले. कोट्यवधींच्या अंगावरचा विटाळ पुसणाऱ्या त्या महामानवाला शेवटच्या रात्री मिळालेला विसावा तो एवढाच.

मित्रहो, आपल्या वस्तीत मिठागरात राबलेल्या आया आहेत, गोदीत ओझी वाहिलेले बाप आहेत. आपण त्यांना औषधे आणून देतो, पैसेही देतो. पण त्यांच्या अंगाला आपला हात शेवटचा कधी लागला? यासाठी पार्लर नको, महागडे तेल नको. वाटीभर खोबरेल आणि दहा मिनिटे पुरेत. आणि हे काम सुनेवर किंवा लेकीवरच टाकू नये, मुलांनीही करावे.

सकाळी निघताना मी आत्याच्या पाया पडायला वाकले तर ती म्हणाली, "पाया पडू नकोस गं. पुढच्या वेळी आलीस की जरा चेपून दे." यापेक्षा खरा आशीर्वाद मला ठाऊक नाही.

जयभीम!