परिटाच्या शेताजवळचा राजा

नाताळची गोष्ट बेथलेहेमच्या गोठ्यात सुरू होते असं सगळे धरून चालतात. जुना करार शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या लेखी ती सातशेहून अधिक वर्षं आधीच सुरू होते. यरुशलेमबाहेर, परिटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका घाबरलेल्या राजापाशी.

इ.स.पू. 735 च्या सुमारास दिमिष्क आणि शोमरोनचे राजे हातमिळवणी करून यहूदावर चालून आले. वेढा पडला तर शहराला पाणी पुरेल का, हे बघायलाच बहुधा यहूदाचा राजा आहाज वरच्या तळ्याच्या पाटापाशी गेला असावा. उल्हासनगरात जीन्स धुण्या-रंगवण्याचे कारखाने जिथे दाटीनं उभे होते, तिथे वालधुनी नदीच्या काठी गेलं की परिटांची ती जागा मला दिसते. ओल्या कापडाचे ढीग, फेसाळ निळं पाणी, उग्र वास आणि त्यातच उभा राजा.

यशया संदेष्टा त्याला तिथेच गाठतो. भिऊ नकोस, देवावर भरवसा ठेव, हवी ती खूण माग, म्हणतो. देवाची परीक्षा पाहणार नाही, असं सोवळं उत्तर देऊन आहाज अंग काढून घेतो. पुढे मंदिरातलं सोनं-रुपं तो अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरला पाठवतो. त्याला भित्रा म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. शत्रू दारात असताना बड्याचं छत्र विकत घेणं कुणालाही सुचेल, आणि दिमिष्क खरोखरच पडलं. पण यहूदा मांडलिक झाला. पुढे त्याच अश्शूरच्या सन्हेरीब राजानं इ.स.पू. 701 मध्ये यहूदाची 46 तटबंदीची नगरं घेतली. तसं त्यानं कोरूनच ठेवलं आहे.

आहाजनं न मागितलेली खूण तरीही दिली जाते. सैन्य नाही, बाळ. शुभवर्तमानकार मत्तय तीच खूण येशूच्या जन्माला जोडतो.

आमच्या शेजारच्या सिंधी घरांत चालिहो हे व्रत पाळतात. त्यामागची कथा अशी: जुलमी राजा मिर्खशाह, सिंधूकाठी चाळीस दिवसांची आराधना आणि उत्तरादाखल झूलेलालचा जन्म. दोन्ही श्रद्धा एकच, असं मी म्हणत नाही. पण सुटका हवी होती आणि बाळ मिळालं, यातलं नवल इथल्या माणसाला उलगडून सांगावं लागत नाही.

आणि बेथलेहेमचं ते बाळही सुरक्षित नव्हतं. हेरोद राजाच्या भीतीनं योसेफ रातोरात त्याला आणि मरीयेला घेऊन मिसरात पळाला. आमचं गावही अशाच पळून आलेल्यांचं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या निर्वासितांच्या वस्तीला 8 ऑगस्ट 1949 रोजी उल्हासनगर नाव मिळालं; पत्ता सांगताना लोक अजून कॅम्पचा आकडाच सांगतात. अशा गावात, देवावर भरवसा ठेवला की संकट येतच नाही, असा उपदेश करणं मला खोटेपणाचं वाटतं. तारणारा स्वतः निर्वासित झाला, हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो. अंबरनाथ-बदलापूरच्या मंडळ्यांत नाताळला बोलावलं की मत्तयाचा दुसरा अध्याय मी पुरता वाचायला लावतो, बेथलेहेमच्या मुलांच्या कत्तलीसकट. सणाच्या दिवशी हे नको, असं काही जण म्हणतात. पण ज्यांच्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं किंवा नोकरी सुटलेली असते, ते भक्ती संपल्यावर तोच भाग पुन्हा विचारायला येतात.