डबा, बार आणि झोप

३ जुलै
व्यायामाआधी प्यायच्या भुकटीचा डबा आला. एका स्कूपात कॅफीन ३०० मिलिग्रॅम. माझं वजन ७५ किलो, म्हणजे किलोमागे ४. अभ्यासांत ३ ते ६ धरतात. बसतंय. बाकीचं सगळं ‘खास मिश्रण’. कशाचं किती, लिहिलेलं नाही.

४ जुलै
संध्याकाळी साडेसातला प्यायलो. कानाच्या पाळ्यांना, ओठांना मुंग्या. पोरं म्हणाली, “लागलं बघा!” लागलं ते बीटा-ॲलनीन. रोज घेत राहिलं तर काही आठवड्यांनी त्याचा उपयोग. आज नुसत्या मुंग्या.

५ जुलै
बेंच ८० किलो. नेहमी सात रेप्स, आज नऊ. दहाव्याला स्पॉटरने बोट लावलं.
रात्री दीड. टक्क जागा.

८ जुलै
१०२.५ लावून बघितलं. छातीवरून चार बोटं उठलं, बसलं. १०० जूनमध्येही जात होतं. दम वाढला, ताकद जवळजवळ तिथंच. कॅफीन मेंदूत ॲडेनोसिनची जागा अडवतं. थकव्याची खबर पोचत नाही, थकवा असतोच.

१० जुलै
अर्धं कॅफीन उतरायला साधारण पाच तास. साडेसातचे ३००, साडेबाराला अजून १५० अंगात.
बायको म्हणाली, “अहो, तुमचं घोरणं बंद झालंय. झोपता तरी का?”

१३ जुलै
चार दिवस ऊन नाही. डब्यात दगड. चमच्याच्या दांड्याने फोडला. स्कूपात खडे नि भुकटी. नेमके ३०० कसे मोजायचे?

१४ जुलै
स्क्वॉटच्या आधीच धडधड. बार रॅकवरच राहिला. घरी.

१६ जुलै
पोलीस भरतीवाला पोरगा कपडे बदलायच्या खोलीत. हातात इंजेक्शनची बाटली. “काका, डब्यापेक्षा स्वस्त. पळताना पाय जमिनीला लागत न्हाईत.”
लेबल वाचलं. मेफेन्टरमिन. भूल दिल्यावर रक्तदाब उतरला की वर आणायचं औषध. ऑपरेशन थिएटरातलं.
“कुणी दिलं?”
गप्प.

१७ जुलै
जिमच्या मालकांना सांगितलं. “पोरगं चांगलं आहे हो.” चांगलं आहे म्हणूनच सांगितलं.

२० जुलै
खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या ‘वाडा’ संस्थेच्या बंदी यादीतून कॅफीन २००४ साली निघालं. मेफेन्टरमिन यादीत आहे. मिथाइलहेक्झानअमीनही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेआधी आपले खेळाडू त्यातच सापडले होते. डब्यांवर ते जिरेनियमचा अर्क म्हणून खपवलं जायचं.
‘खास मिश्रण’ पुन्हा वाचलं. डबा माळ्यावर.

२३ जुलै
बॅच बदलली. पहाटे साडेपाचला काळी कॉफी, बिनसाखरेची. सव्वासहाला बार. ८० किलो, आठ रेप्स. रात्री दहाला डोळे मिटले. बायकोची तक्रार: घोरणं सुरू.

२६ जुलै
गंगावेशीत पोरगा भेटला. हातात दुधाचा पेला.
“काका, सोडलं. पण १६०० मीटरला तीस सेकंद वाढले.”
“झोप?”
“लागते.”
“होतील कमी.”
“भरती थांबणार हाय का माझ्यासाठी?”

३० जुलै
आज जिमला सुट्टी. पहाटे मैदानावर. तो पळाला, घड्याळ मी धरलं. ६ मिनिटं ४. पूर्ण गुणांना ५:१० लागतात. परवा परत.