ॲव्हरेजचं निमित्त

मराठी मध्यमवर्गीय माणसाला चैन करता येते, पण निमित्ताशिवाय करता येत नाही. सोनं घेतो ते अडीनडीला उपयोगी पडतं म्हणून, महाबळेश्वरला जातो ते हवापालट म्हणून. आणि सध्या एक गाडी माझ्या मनात भरली आहे ती पेट्रोल वाचतं म्हणून. टोयोटाची कॅमरी हायब्रिड, २०१९ सालची, अर्थातच वापरलेली. माझी होंडा सिटी एक्स्चेंजमध्ये देऊन, वर पैसे घालून ती घ्यावी की नाही, हा प्रश्न यंदाचा पावसाळाभर आमच्या घरात मुक्कामाला आहे. कपडे वाळत घालताना तो येतो, भाजी निवडताना येतो, आणि मी टेकडीवर फिरायला जातो तेव्हा तर हमखास येतो. कारण ती टेकडीच मुळी गाड्यांची आहे.

कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला लागलं की एआरएआयचं आवार लागतं. गाड्यांवर संशोधन करणारी ही संस्था १९६६ सालची. पुणेकरांनी तिचं नाव टेकडीच्या या अंगालाच देऊन टाकलं आहे. देशभरच्या जाहिरातींत ज्या संस्थेच्या नावाने ‘लिटरला इतके किलोमीटर’ छापतात, ती हीच. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरवून दिलेल्या लयीत वेग वाढतो, कमी होतो, ताशी नव्वदच्या वर कधीच जात नाही. रिक्षा आडवी येत नाही, गणपतीचा मांडव लागत नाही. असल्या सोवळ्या वातावरणात कॅमरी हायब्रिडला मिळालेला आकडा आहे २३.२७. दोन दशांश स्थळांपर्यंत! आवाराच्या कडेने चालताना मी तो मनात घोळवत असतो. समोरून मोर ओरडतो, आणि मी अडीच लिटरचं इंजिन आणि तेवीस पूर्णांक सत्तावीस यांचा मेळ कसा बसतो याचा विचार करत असतो.

शेवटी एके दिवशी पेन्सिल घेऊन बसलो. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले. सिटी गावात बाराचं ॲव्हरेज देते. कॅमरी टेकडीवर काहीही देवो, कर्वे रस्त्यावर सतरा देईल असं धरलं. म्हणजे इकडे ८३३ लिटर, तिकडे ५८८. वाचले २४५ लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला पंचवीस हजारांच्या जरा वर. पंपावर हल्ली मिळतं त्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे दोन्ही आकडे थोडे खाली येणार, ते सोडून दिलं. गाडी साडेवीस लाखांना सांगितली आहे, सिटीचे अडीच येतील, वर घालायचे अठरा लाख. अठरा लाखांना पंचवीस हजारांनी भागलं. उत्तर बहात्तर आलं. नुसत्या वाचलेल्या पेट्रोलवर ही गाडी फिटायला बहात्तर वर्षं लागतील आणि मी पंचावन्नचा आहे. बायकोने तो कागद पाहिला, चकार शब्द काढला नाही, आणि उलटून त्याच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली.

इथे प्रश्न मिटायला हवा होता. पण मन मोठं वस्ताद. एक निमित्त गेलं की ते दुसरं शोधतं. जानेवारी २०१९ मध्ये ही गाडी आली तेव्हा तिची शोरूममधली किंमत होती ३६ लाख ९५ हजार. तेव्हा हायब्रिडवर २८ टक्के जीएसटी आणि वर १५ टक्के उपकर, असा ४३ टक्के कर होता. म्हणजे त्या किमतीतले अकरा लाख नुसते कराचे. वर रोड टॅक्स वेगळा. हे सगळं कुणीतरी भरून टाकलेलं आहे. नव्या गाडीचा वास त्याने घेतला, पेढे त्याने वाटले, आणि किंमत उतरण्याचा सगळा घाटही त्यानेच उतरला. मी पायथ्याशी उभा राहून गाडी ताब्यात घ्यायची. दुसऱ्याच्या हौसेचा उरलेला भाग स्वस्तात मिळतो आहे, तो का सोडा?

यातली मेख आमच्या गॅरेजवाल्याने दाखवली. सिटीचं ऑइल बदलता बदलता, वर न बघता तो म्हणाला, “काका, गाडी अर्ध्या किमतीत मिळेल, पार्ट अर्ध्या किमतीत नाही मिळणार.” हे वाक्य मी तेव्हापासून विसरू शकलेलो नाही. गाडी जुनी झाली हे बाजाराला कळतं. तिच्या हेडलाइटला, सस्पेन्शनला, पुढच्या काचेला कळत नाही. ते चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. वीस लाखांत घेतलेली गाडी चाळीस लाखांच्या इतमामाने सांभाळायची, असा तो करार असतो आणि तो कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो. मग हात पुसत पुसत उठून त्याने दुसरंही सांगितलं, “आणि त्यातल्या नारिंगी वायरला मी हात लावणार नाही.” उच्च दाबाच्या तारा नारिंगी असतात. गेली कित्येक वर्षं माझ्या गाडीची नाडी ज्याच्या हातात आहे, त्याने असा हात काढून घेतला तेव्हा मला खरी काळजी वाटली.

तरी त्या नारिंगी तारांमागे जे आहे त्याचं मला अतोनात कौतुक आहे. जेम्स ॲटकिन्सन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८८२ साली एका इंजिनाचं पेटंट घेतलं. त्यात वायू आकसण्याचा टप्पा आखूड आणि फुगण्याचा लांब. त्यामुळे इंधनाच्या प्रत्येक थेंबाकडून जास्त काम निघतं, पण सुरुवातीचा जोर कमी पडतो. शंभर वर्षांहून अधिक काळ त्या कल्पनेला मोटारीत मानाची जागा नव्हती. मग डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानात प्रियस आणली आणि उणा पडणारा जोर विजेच्या मोटरकडून भरून घेतला. इंजिन आणि दोन मोटरी एकाच ग्रहमालेसारख्या गिअरमध्ये गुंफलेल्या. कोण किती फिरणार यावर वेग ठरतो. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती वीज होऊन मागच्या सीटखालच्या २४५ व्होल्टच्या बॅटरीत जाते. आई भाजीवाल्याकडून परत आलेली चिल्लर डाळीच्या डब्यात टाकायची, तसं. खंबाटकीसारखा लांब उतार लागला तर डबा भरूनही जातो. घ्यायला जागा उरत नाही आणि मग इंजिन पेट्रोल न पिता नुसतं फिरून गाडी आवरतं. आजवर गाडी हायवेला ॲव्हरेज देते आणि गावात पिते, असं ऐकत आलो. हिचं उलट आहे. जितकं थांबत, रखडत जाल तितकी हिची काटकसर खुलते. पुण्यासाठी याहून योग्य गाडी कोणती?

सुरुवातीला मनात लेक्सस होती, हेही सांगून टाकतो. तो ब्रँड २०१७ साली भारतात आला. त्यांच्या ईएस ३००एच मध्येही अडीच लिटरचं इंजिन आणि मिळून २१८ अश्वशक्ती; कॅमरीतही तेवढीच. मग बोधचिन्हाचे पैसे कशाला द्या, असं म्हणून मी स्वतःलाच काटकसरी ठरवलं. न्यू जर्सीतल्या पुतण्याला फोनवर कौतुकाने कॅमरीचं नाव सांगितलं तर तो हसायलाच लागला. “काका, इथे उबर मागवली की कॅमरी येते.” अमेरिकेत वर्षानुवर्षं सर्वाधिक खपणारी मोटार ती, ऑस्ट्रेलियात तर टॅक्सीवाल्यांची लाडकी. आपल्याकडे तीच बिडदीच्या कारखान्यातून निघाली की मागच्या सीटवर मालक बसतो, त्याच्या हाताशी सीट कलती करण्याची बटणं असतात, आणि सोसायटीचा वॉचमन उठून उभा राहतो.

गाडी दाखवणारा बाणेरचा. जुन्या गाड्यांच्या धंद्यात एक गंमत मी पाहिली आहे: महाराष्ट्रातल्या निम्म्या चांगल्या गाड्या डॉक्टरांच्या असतात. “साहेब, फर्स्ट ओनर, डॉक्टरांची गाडी, टायर बटन आहेत, पेपर क्लिअर.” डॉक्टर मंडळी एवढ्या गाड्या घेऊन विकतात कधी आणि पेशंट बघतात कधी, कोण जाणे. मी मान डोलावली आणि मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. हे गॅरेजवाल्याने शिकवून पाठवलं होतं. पाणी शिरलेल्या गाडीचे गालिचे बदलतात, सीट धुतात, पण पट्ट्याच्या आत गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. गाडी २०१९ ची म्हटल्यावर मला त्या वर्षीची २५ सप्टेंबरची रात्र आठवली. आंबिल ओढा फुगला होता आणि अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूला चारचाकी एकमेकींवर चढून बसल्या होत्या. त्या रात्रीनंतर त्यातल्या किती गाड्या धुऊन-पुसून कुठल्या कुठल्या गावी ‘डॉक्टरांच्या’ झाल्या असतील! हिची तर बॅटरीच सीटखाली. पट्टा कोरडा, स्वच्छ निघाला. मग वाकून बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी पाहिली. तिथे धूळ साचली की बॅटरी तापते आणि आयुष्य घटतं. जाळीत थोडे पांढरे केस अडकले होते. डॉक्टरांकडे कुत्रा असावा.

चक्कर मारायला आईला घेऊन गेलो. एवढ्या पैशांची गाडी तिच्या गुडघ्यांना चढता-उतरता येत नसेल तर बोलणंच खुंटलं. दार रुंद उघडलं, ती बसली, पाय लांब केले. बटण दाबलं तर पुढे हिरवा दिवा लागला आणि बाकी काहीच झालं नाही. गाडी निघाली ती कुणीतरी मागून हलकेच ढकलल्यासारखी. पाऊस सुरू झाला होता. विद्यापीठ चौकाच्या सिग्नलला थांबलो आणि उरलासुरला आवाजही गेला. एसी मात्र थंड चालू, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर. भोवती तोच कल्लोळ होता, पण काचेपलीकडचा. आत टपावर पडणारा पाऊस एकेक थेंब करून ऐकू येत होता. वायपरचा एक फेरा. आईच्या बांगड्यांची किणकिण. शेजारच्या स्कूटरवर रेनकोटात पूर्ण झाकलेलं एक मूल बापाच्या पाठीला टेकून गाणं म्हणत होतं, त्याचे नुसते ओठ दिसत होते. आयुष्यभर मी गाडीत इंजिनाच्या वर आवाज काढून बोलत आलो. वडिलांच्या फियाटमध्ये तर आम्ही ओरडूनच बोलायचो. इथे बोलावंसंच वाटेना. तेवढ्यात आई पुढे वाकून काळजीने म्हणाली, “बंद पडली का रे? मागचे लोक ओरडतील.”

परत आलो तोवर त्यांच्या माणसाने माझी सिटी तपासायला घेतली होती. रंगाची जाडी मोजायचं यंत्र तो पत्र्यावर टेकवत होता, आकडे सांगत होता, दुसरा मोबाइलवर फोटो काढत होता. डाव्या दारावर डेंटिंग-पेंटिंग झालंय, हे त्याने बरोबर हुडकलं. “२०१३ ची गाडी साहेब, आता कोण घेतं?” आणि दहा पावलांवर तोच माणूस कॅमरीबद्दल म्हणाला, “२०१९ म्हणजे नवीच समजा.” हसू आलं, पण मी तरी काय वेगळं करत होतो? सिटीच्या बाबतीत मी जपलेल्या सर्व्हिस रेकॉर्डची फाइल पुढे करत होतो आणि कॅमरीच्या बाबतीत तसल्याच फाइलकडे संशयाने बघत होतो. एक्स्चेंजमध्ये माणूस एकाच तासात विकणारा असतो आणि घेणाराही. दोन्ही वेळा तो अगदी मनापासून बोलतो.

घरी येताना सिटीतून आलो. सिग्नलला ती नेहमीसारखी थरथरत उभी राहिली. तिच्यात खरोखर काही वाईट नाही. १५ वर्षं झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आणि हरित कर, तेवढं २०२८ मध्ये बघावं लागेल. तोवर ती मुकाट्याने चालेल. गरज म्हणाल तर कॅमरीची शून्य आहे.

म्हणून रात्री जेवताना बायकोला सरळच सांगितलं: पेट्रोलबिट्रोल काही नाही, मला ती शांतता हवी आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीची तपासणी करून घेतो, अहवाल चांगला आला तर टोकन देतो, आणि वाचलेल्या पेट्रोलचा विषय यापुढे कुणापाशी काढणार नाही. अठरा लाखांची शांतता महाग आहे हे मला मान्य आहे. तिने वाद घातला नाही. फियाटमधलं ओरडणं तिनेही ऐकलेलं आहे. जेवण झाल्यावर तिने शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि खाली पार्किंगमध्ये चल म्हणाली.

कॅमरी ४,८८५ मिलिमीटर लांब. सिटीपेक्षा जवळजवळ दीड फुटाने जास्त. बायकोने टेपचं एक टोक खांबाला धरलं, दुसरं घेऊन मी मागे मागे आलो. गाडी बसते, फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची ॲक्टिव्हा कायमची पलीकडे सरकवावी लागेल. ती जागा त्यांना कुणीच दिलेली नाही, पण गेली दहा-बारा वर्षं ती त्यांचीच आहे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीही त्याच.

“त्यांच्याशी तू बोलायचंस,” बायको टेप गुंडाळत म्हणाली. “आणि त्यांना ॲव्हरेज सांग. शांतता सांगू नकोस.”