एकाची खोड, दुसऱ्याचं काम

सागवानी फळी हाताला गुळगुळीत लागते, उजेडात धरली तरी निर्मळ दिसते, आणि पॉलिशचा पहिला हात चढताच तिच्यावर स्वल्पविरामासारखी बारीक वेटोळी उमटतात. ती पॉलिशनं आणलेली नसतात. सँडरनं ती आधीच काढून ठेवलेली असतात. रंग त्यांच्यात मुरतो तेव्हा कुठे ती दिसू लागतात. प्रत्येक सँडरची लाकडावर उठणारी खूण ठरलेली असते, आणि माझ्या मते फर्निचर करणाऱ्यानं यंत्र निवडताना आधी ती खूण पाहावी. दुकानात मात्र सँडर वॅटवर विकले जातात. वॅटवरून यंत्राचा जोर कळतो, ते मागे काय ठेवून जाईल हे कळत नाही. दोन सँडर घ्यायचे तर दुसरा पहिल्याची खोड पाहून घ्यावा, एवढंच माझं म्हणणं.

बेल्ट सँडरचा पट्टा एकाच दिशेनं धावतो, त्यामुळे त्याचे ओरखडे लांब आणि सरळ. लाकडाच्या रेषेबरोबर चालवला तर ते रेषांतच मिसळून जातात. चार फळ्या जोडून केलेल्या टेबलाचे उंचसखल सांधे एका पातळीत आणावेत तर त्यानंच. पण तो एका जागी क्षणभर रेंगाळला की खड्डा पडतो, आणि रेषेला आडवा गेला की पुढे कितीही घासा, ओरखडा कुठेतरी उरतोच. दाराच्या चौकटीत उभी पट्टी आणि आडवी पट्टी भेटतात तिथे दोघींच्या रेषा काटकोनात असतात. एकीवर सरळ चाललेला पट्टा दुसरीवर आडवाच जाणार. तिथे रँडम ऑर्बिटल हवा. त्याची गोल चकती आसाभोवती मोकळी फिरते आणि त्याच वेळी बाजूला सरकून मिनिटाला सात ते बारा हजार छोट्या घिरट्या घालते. कागदावरचा कण सहसा त्याच वाटेनं परत जात नाही, ओरखड्यांना दिशाच उरत नाही, आणि सांध्यावरून निर्धास्त जाता येतं. त्याचीही खोड आहेच. काम लवकर उरकावं म्हणून वरून जोर दिला की चकतीचं फिरणं मंदावतं, घिरट्या मात्र चालूच राहतात, एकाच जागी एकीवर एक. सुरुवातीची ती वेटोळी बहुतेकदा इथली. शिवाय गोल चकती कोपऱ्यात शिरत नाही. ड्रॉवरच्या आत किंवा दिलह्याच्या कडेला पाव शीट कागद लावायचा चौकोनी सँडरच पोचतो.

एक चांगला रँडम ऑर्बिटल घ्या, ऐंशी नंबरचा कागद लावा, बेल्ट सँडर हवा कशाला, असं कोणी म्हणेल. निम्मं खरं आहे. पण त्या चकतीचं पॅड मऊ असतं. फळीला बाक असेल तर ते बाकावरून तसंच फिरतं आणि बाक गुळगुळीत करून ठेवतं. गुळगुळीत आणि सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवणाच्या टेबलावर आडवा उजेड पडला की तो फरक लपत नाही. सपाटी हे खरं तर रंध्याचं काम. ज्याचा हात रंध्यावर बसलेला आहे त्यानं बेल्ट सँडर घेऊच नये; आवाज, वजन आणि खड्ड्याची धास्ती तिन्ही वाचतात. आणि व्हिनिअरचं काम करणाऱ्यानं तर तो हातातही धरू नये. ऐंशी नंबरच्या कागदावरचा कण सरासरी २०० मायक्रॉनचा, एकशेवीसचा १२५ चा, एकशेऐंशीचा ८० च्या आसपास. प्लायवर चिकटवलेलं व्हिनिअर बऱ्याचदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे ऐंशी नंबरचे अडीच कण एकावर एक ठेवले तेवढंच जाड. तिथे जोडी वेगळी: एकशेऐंशीपासून सुरू होणारा, छोट्या घिरट्यांचा रँडम ऑर्बिटल आणि कोपऱ्यांसाठी तो चौकोनी.

या सगळ्यात धुळीला कोणी मोजत नाही. सुतार पिढ्यान्‌पिढ्या भुशात वावरले, त्यांना काय झालं, असं विचारतात. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांचं गाव. भोवतालच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीचची जंगलं. एकेकाळी कारागीर रानातच खोपट घालून, पायानं चालवायच्या लेथवर खुर्च्यांचे पाय कातत. लाकूड ओलं, हत्यार धारदार, आणि पायाशी पडे ती लांब ढलपी. पुढे कारखाने आले, वाळवलेलं लाकूड आलं, यंत्रं आली, आणि खाली न बसणारी पूड आली. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस्मी हॅडफील्ड यांच्या ध्यानात आलं, की नाकाच्या पोकळीतला अडेनोकार्सिनोमा, एरवी अतिशय दुर्मीळ असलेला कर्करोग, आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतो आहे, आणि येणारे रुग्ण फर्निचरच्या कामातले आहेत. डोनाल्ड अ‍ॅचिसन आणि इतर सहकाऱ्यांसह केलेला त्यांचा अभ्यास १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. धुळीत पहिलं पाऊल आणि रोगाचं पहिलं लक्षण यांत कित्येक दशकं जात. त्यामुळे कामाच्या वयात सगळे ठणठणीतच दिसत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते हे स्पष्टच म्हटलं. रंध्याखाली निघते ती ढलपी आणि दोनशेचाळीस नंबरच्या कागदाखाली निघते ती पूड यांना एकाच भुशाच्या नावाखाली जमा करणं मला पटत नाही.

म्हणून माझ्या यादीत तिसरं यंत्र सँडर नाही, व्हॅक्यूम आहे. सँडरला टांगलेली कापडी पिशवी जाड धूळ धरते. बारीक, म्हणजे नेमकी घातक, तिच्यातून निसटते. यावर खर्चाची हरकत येते, आणि ती रास्त आहे. पण व्हॅक्यूम कामाचीही प्रत सुधारतो: कागदाखाली अडकलेला सुटा कण घासत फिरला की तोही वेटोळं काढतो, आणि धूळ ओढली गेली की कागद भरत नाही, जास्त दिवस चालतो. एवढंच, की कागदाची भोकं पॅडच्या भोकांवर नीट बसायला हवीत. १२५ मिलिमीटरच्या चकत्या कोणी पाच भोकांच्या करतं, कोणी आठ. नळ्यांची तोंडंही कंपनीगणिक वेगळी. दोन सँडर वेगवेगळ्या कंपन्यांचे घेणार असाल तर एकच नळी दोघांना बसते का ते दुकानातच लावून पाहा, आणि दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.