दार-एस-सलामला निघण्याआधी

नवा मोंढा, परभणी
ज्येष्ठ, मृगाचा पाऊस

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू टांझानियाला निघाल्याचं कळल्यापासून तुझ्या आईचे मला सारखे फोन येताहेत. तिला काळजी आफ्रिकेची, मला काळजी दिल्लीची. तिची समजूत तू काढ. माझं म्हणणं फोनवर मावणारं नाही, म्हणून कागदावर लिहितो.

मुंबईच्या आयातदाराला मधून काढायचं आणि मिलसाठी तूर थेट दार-एस-सलामहून आणायची, हा बेत वाईट नाही. अरुषा, मटवारा, गजरी ही आफ्रिकी तुरीची नावं आता मराठवाड्यातल्या मिलवाल्यांच्याही तोंडी बसली आहेत. पण तू हॉटेल, विमान, गाड्या यांचं टिपण मला पाठवलंस आणि त्यात 2017 साल कुठंच नव्हतं. तेव्हा तू कॉलेजात होतास, म्हणून सांगतो.

2015 मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली. सरकार घाबरलं. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी तूर घेण्याचा करार झाला, तिकडच्या शेतकऱ्यांना पेरा वाढवायला सांगितलं गेलं. त्याच खरिपात आपल्याकडे पाऊस बरा झाला आणि भाव पाहून आपल्या माणसांनीही जिथं जमेल तिथं तूर पेरली. पुढच्या उन्हाळ्यात काय झालं ते मोंढ्यात बसून पाहिलंय. हमीभाव बोनससकट क्विंटलला 5,050 रुपये, बाजारात भाव त्याच्या खाली, आणि खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांची रांग. बारदाना नाही म्हणून काटा बंद. माणसं ट्रॉलीखाली झोपायची. ऑगस्ट 2017 मध्ये दिल्लीहून अधिसूचना निघाली: वर्षाला दोन लाख टनांपलीकडे तूर आयात नाही. मोझांबिकच्या सरकारी कराराचा माल त्यातून वगळला होता. टांझानियाशी तसा करारच नव्हता. तिकडं नेमकी तेव्हाच काढणी झालेली. पोती भरून बसलेल्या शेतकऱ्याची तूर मातीमोल झाली. त्याला ना आपला हमीभाव, ना आपलं केंद्र.

मे 2021 मध्ये आयात पुन्हा खुली झाली आणि नंतर तिची मुदत वाढवत वाढवत नेली गेली. पण वाढवलेली मुदत म्हणजे कायमचा परवाना नव्हे. जून 2024 मध्ये साठ्यावर मर्यादा आली, तेव्हा आयात केलेला माल कस्टममधून सुटल्यावर 45 दिवसांच्या वर ठेवायची मुभा नव्हती. तू बँकेकडून पैसा उचलून दहा कंटेनर आणशील आणि दळायला मिल एकच. हे गणित हॉटेलच्या भाड्याआधी कर.

आता जायचं कधी? तू दिवाळीनंतर म्हणतोस. ते चुकीचं आहे. आपण आत्ता सोयाबीनच्या तासांत तूर टाकतोय, तिकडं दक्षिणेला लिंडी-मटवाऱ्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये ती काढणीला येते आणि उत्तरेला बाबातीकडं त्याच्या मागोमाग. ऑगस्टच्या मध्याला जा. म्हणजे माल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्हावाशेवाला लागेल, इकडं जुनी तूर संपलेली असेल. जहाजाचा प्रवास फार लांबचा नाही, पण दोन्ही बंदरांवरचा खोळंबा आणि कागदपत्रं धरून दीड महिना हाताशी ठेव. दिवाळीनंतर गेलास तर तुझे कंटेनर जानेवारीत उतरतील. नेमकी त्याच वेळी जिंतूर-सेलूची तूर मोंढ्यात येते. भाव पडला तर शिव्या तुलाच बसतील, आणि बसायलाच हव्यात. तुझी मिल वर्षानुवर्षं ज्यांच्या पोत्यांवर चालली, त्यांच्याच ताटात तू माती कालवलेली असशील.

दार-एस-सलाममध्ये नुसता बसून राहू नकोस. शहर व्यापाराचं आहे, राजधानी डोडोमा असली तरी पैसा दारमध्येच फिरतो. पण तूर काही दारमध्ये पिकत नाही. मटवारा तिथून साधारण परभणी-मुंबई एवढं लांब. अलीकडे तिकडं बराच माल सहकारी संस्थांच्या गोदामांतून लिलावानं विकला जातो. म्हणजे आपली बाजार समितीच समज, तेव्हा तुला पद्धत कळायला वेळ लागणार नाही. गोदामात जा. पोतं उभं-आडवं टोचून नमुना काढायला लाव, वरवरचा घेऊ नकोस. मी गेलो होतो तेव्हा एका दलालानं मला एसी केबिनमध्ये काचेच्या बशीत तूर दाखवली. दाणा न् दाणा निवडलेला. गोदामात त्याच लॉटच्या पोत्यात हात घातला तर तळहाताला ओल लागली आणि मुठीतून भुंगा चालत बाहेर आला. दाणा दाताखाली घेऊन बघ. कट्ट असा आवाज आला पाहिजे. दबला तर सोड. ओलावा मोजायचं यंत्र सोबत ने. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 24 टन माल मावतो, त्यात उतारा एक टक्का जरी घसरला तरी सव्वादोन क्विंटलहून जास्त डाळ गेली.

नमुना म्हणून मूठभर तूर खिशात घालून मात्र येऊ नकोस. वनस्पती संगरोधवाले विमानतळावर अडवतील. रीतसर फायटोसॅनिटरी दाखल्यासह मागव. कंटेनरलाही तो दाखला लागतो आणि धुरीचाही. धुरी कोणत्या औषधाची हे आपल्या नियमात बसतंय का, ते आधी मुंबईच्या कस्टम एजंटकडून विचारून घे.

व्हिसा व्यापाराचा काढ. स्वस्त पडतो म्हणून पर्यटकाचा काढून सौदे करत बसू नकोस. येताना नैरोबीला दोन दिवस काढायचा विचार असेल, तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागेल. केनिया आपल्या सरकारच्या पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. ही लस सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, आपल्या डॉक्टरकडं नाही. दारमध्ये मलेरिया आहे, त्याचं मात्र आपल्या डॉक्टरला विचार.

तिकडं स्वाहिली बोलणारे तास सकाळी सहापासून मोजतात. चौथा तास म्हणजे आपले सकाळचे दहा. भेट ठरवताना घड्याळ दाखवून पक्कं कर. बाजारात जुनी पेढी बहुधा गुजराती किंवा कच्छी माणसाची असेल. तुला मुंबईची गुजराती येते, ती वापर. महाराष्ट्र मंडळही आहे, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गणपतीची धामधूम सापडली तर मंडळात जाऊन ये. धंद्याची खरी माहिती, कोण पैसे बुडवतो आणि कोणाचं वजन बरोबर असतं, ती दलालाकडून मिळत नाही. आरतीनंतर पंगतीत मिळते.

पहिल्या फेरीत कशावरही सही करू नकोस. बघ, ओळखी कर, दर लिहून आण; सौद्याची सही परतल्यावर. आणि तिकीट काढण्याआधी दिल्लीच्या डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) तुरीवरची शेवटची अधिसूचना छापून मोंढ्यात ये. तारीख, मुदत, अटी आपण दोघं मिळून वाचू. तोवर विमानवाल्याला पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा