रोजची भाकर

प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही रोज भाकर मागत आलो. घरी मात्र पाव, बिस्किटे आणि मैद्याचे केक. आमच्यापैकी एकीला मधुमेह जडला, तेव्हा नगरच्या आमच्या मंडळीतील भगिनी मंडळाने प्रार्थनेनंतर प्रत्येकीला आदल्या दिवशीचे जेवण लिहावयास सांगितले. प्राध्यापकी करणाऱ्या आम्हा दोघींचेच कागद सर्वांत दरिद्री निघाले! आजीची बाजरी आम्ही गरिबीची खूण म्हणून टाकून दिली होती.

याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम आरंभिले आणि खेड्यातील निरक्षर स्त्रियांच्या हाती आहार-आरोग्याचे ज्ञान सोपविले. शिकलेल्या आम्ही मात्र ते उशिरा शिकलो.

आता सभेत केकऐवजी मोड आलेली मटकी असते. साखरेचा चहा तेवढा सुटलेला नाही. पण भाकर मागताना संकोच वाटत नाही.